दिवसा लावलेला दिवा

खालापूर,
२९ ऑक्टोबर २०२३

तीर्थरूप वाल्मिकतात्यांना,
नम्रताचा वाकून नमस्कार.

दसऱ्याला तुमच्याकडून निघालो ते उजेड असतानाच घरी पोचलो. फोन करून कळवलं असतं, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडायला लागले की शेजारच्या विमलबाई "काय झालं गं?" म्हणून धावत येतात. त्यापेक्षा आपलं पत्र बरं. बाबा तुम्हाला, त्यांच्या थोरल्या भावाला, दर महिन्याला लिहायचे. ते गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं, आणि खरं सांगते, मला ते आवडतं.

आता भांडण. गाडीला हार घालताना पुढच्या दिव्यांवरून तुम्ही माझी जी हजेरी घेतलीत, ती अक्षयने फार मनावर घेतली आहे. रसायनीच्या कारखान्यात तो सुरक्षेचंच काम बघतो, त्यामुळे जावयाला बोलायला विषय मिळाला. तो म्हणतो, हे बारके दिवे कंपनीच देते, गाडी चालू केली की दिवसासुद्धा आपोआप लागतात. बंद करायला खटकाच नाही. रस्ता दिसावा म्हणून ते नसतातच, आपण समोरच्याला दिसावं म्हणून असतात.

मला त्यातलं फारसं कळत नाही. परवा कर्जतपर्यंत तिघांनी बोटं उघडमीट करून "दिवा चालू आहे" अशी खूण केली. मी तिघांनाही हात जोडले. लोक किती काळजी करतात बघा दुसऱ्याच्या बॅटरीची!

दिवाळीत पाडव्याला येतेच आहे. चकल्या मी आणीन, तुम्ही तळत बसू नका.

तुमची,
नम्रता

•

भिवपुरी,
५ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. नम्रतास आशीर्वाद.

पत्र पोचलं. जावईबापूंना सांग, सासरा अडाणी असला तरी वीजघरात चौतीस वर्षं वायरमन होता. कानात बोळे घाला म्हणून साहेब सांगायचे, मी घातले नाहीत आणि कान तिथेच ठेवून आलो. पण डोळे शाबूत आहेत. डोंगरावरून पाणी पडतं तेव्हा दिवा लागतो, हे मी रोज पाहिलं आहे. म्हणून रिकाम्या खोलीत दिवा दिसला की माझा हात आपसूक खटक्याकडे जातो. तुझी काकू म्हणायची, मी मेल्यावर माझ्याही डोळ्यांतला दिवा हे बंद करून येतील.

डोक्यावर सूर्य असताना ज्याला मोटार दिसत नाही त्याला दिव्याने काय दिसणार? आणि उद्या सगळेच दिवे लावून फिरले, तर बिनदिव्याच्या बैलाकडे आणि पायी चालणाऱ्या म्हातारीकडे कोण बघेल? विचार जावयाला.

आणखी एक. तू शिकलेली आहेस, हसशील. देवापुढची समई वेगळी, पण भर दिवसा घरात दिवा कधी लावतात ते तुला माहीत आहे. माणूस गेलं की त्याच्या जागेवर पीठ पसरून त्यावर दहा दिवस दिवा ठेवतात. तुझ्या गाडीच्या तोंडाला ते दोन दिवे जळताना पाहिले आणि मला ते बरं वाटलं नाही.

आमच्या दूधवाल्या कान्हाचंही तेच. त्याच्या नव्या मोटारसायकलचा दिवा कायम चालू. मी म्हटलं, खटका बसवून देतो. तर हसतो लेकाचा. मला हॉर्न ऐकू येत नाही म्हणून तो रोज सकाळी गाडीचं तोंड स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळवतो. भिंतीवर उजेड हलला की मी पातेलं घेऊन बाहेर. म्हणतो, "तात्या, ऱ्हाऊ दे. तुमाला ऐकू येत नाय, दिसतं तरी."

पाडव्याला गाडी आंब्याखाली सावलीत लाव. मी एकदा आत हात घालून बघतो.

वाल्मिकतात्या

•

खालापूर,
१४ जानेवारी २०२४

तीर्थरूप तात्या,

तुम्हाला गावात सगळं कळलंच असेल. पण माझ्याकडून कळायला हवं.

सोमवारी सकाळी तुमच्याकडून निघाले तेव्हा तुमचा ताप उतरला म्हणून मन हलकं होतं. आठ वाजले असतील. कर्जत सोडून चौकच्या रस्त्याला लागले आणि धुकं सुरू झालं. नदीकाठच्या वळणाआधी समोरून टेंपो येत होता. त्याच्या मागून एक दिवा बाहेर आला. मला तो दिसला, तात्या. लख्ख दिसला. म्हणून तर मी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे मातीत घातली. तो मात्र सरळ येत राहिला. ना वेग कमी केला, ना बाजूला घेतलं. समोर काहीच नाही असा आला.

उतरले तेव्हा रस्त्यावर दूध वाहत होतं. हेल्मेट काढलं तेव्हा कळलं की कान्हा आहे. दोन तासांपूर्वी तुमच्या दारात त्याने मला विचारलं होतं, "ताई, चाय घेतली का?"

दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता.

पोलिसांनी जबाब घेतला. टेंपोवाला म्हणाला, वळणावर, धुक्यात ओव्हरटेक केला, चूक त्याचीच. माझे दिवे चालू होते का, असं विचारलं. मी हो म्हटलं. आपोआप लागतात ना ते. सगळे म्हणतात, तुझा काही दोष नाही. अक्षय म्हणतो, विमलबाई म्हणतात, कचेरीतले म्हणतात. मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

नम्रता

•

भिवपुरी,
१९ जानेवारी २०२४

चि. नम्रतास आशीर्वाद.

तू सुखरूप आहेस हे देवाचे उपकार. परवा कान्हाचं दहावं झालं. मी गेलो होतो.

दिवस घालायच्या आधीही एकदा जाऊन आलो होतो. दुपारची वेळ, अंगणात कडक ऊन, आणि आत पिठावर दिवा. त्याची आई जनी वाऱ्याला आडवी बसून होती, दिवा विझू नये म्हणून. जनीला मी चाळीस वर्षं ओळखतो, त्यामुळे तिचं बोलणं मला ओठांवरून कळतं. ती रडत नव्हती. दिव्याकडे बघून त्याला बोलत होती, "डोळं नव्हतं का रं तुला? येवडी मोटी गाडी तुला दिसली नाय?" परत परत तेच. कान्हाची बायको हर्षला मान खाली घालून बसली होती. तिच्या नवऱ्याला आंधळा म्हणत होते ते सगळेच, एकटी जनी नव्हे. मला तिथे फार वेळ बसवलं नाही.

तू दिव्यांचं काय घेऊन बसलीस? दिवा असला काय आणि नसला काय, वळणावर ओव्हरटेक केला की व्हायचं ते होतं. मी तुला दिवाळीआधीच लिहिलं होतं, दिवसाच्या दिव्याने काही होत नाही. जबाबात तू दिव्यांचं सांगितलंस त्याची गरज नव्हती. पण सांगितलं ते सांगितलं. आता त्यात बदल करू नकोस. प्रकृतीला जप.

सध्या दूध पिशवीचं आणतो. चहाला चव नाही.

वाल्मिकतात्या

•

खालापूर,
११ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप तात्या,

तुमचं पत्र दहा वेळा वाचलं. "तुझा दोष नाही" हे वाक्य त्यात नव्हतं. असो.

मागच्या रविवारी मी जनीमावशींकडे जाऊन आले. तुम्हाला न कळवता गेले, कारण तुम्ही नको म्हणाला असतात. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. बोलायची वेळच आली नाही. मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि त्या उठून माझ्या पायाशी वाकल्या. मी मागे सरले तर त्यांनी माझे पाय धरून ठेवले. म्हणाल्या, "माज्या पोरानं तुमची गाडी फोडली बाय. आंधळ्यावानी आला. माफ करा त्याला. तो वाईट नव्हता."

तात्या, मी त्यांना माफ केलं. म्हणजे, तोंडातून तसंच निघालं. "असू दे मावशी," म्हणाले. आपण कोण माफ करणारे?

कचेरीत मी दिवसभर लोकांची प्रतिज्ञापत्रं तपासते. "वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे." हे वाक्य हजारदा वाचलं असेन. आता वाचलं की पुढचा कागद उचलवत नाही.

तुम्ही मला काही सांगणार आहात का?

नम्रता

•

भिवपुरी,
१८ फेब्रुवारी २०२४

नम्रता,

आशीर्वाद लिहायला आज हात होत नाही. आधी हे वाच.

पाडव्याला तू आत पुरणाचं वाढत होतीस तेव्हा मी आंब्याखाली गाडीचं बॉनेट उघडलं. दिवसाच्या दिव्यांची वायर शोधायला मला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. दोन्ही बाजूंची कापली. टोकं टेपने बंद केली. वाटलं, पोरीच्या गाडीच्या तोंडावरचा अपशकुन गेला. हात धुऊन जेवायला बसलो आणि तू वाढलेल्या दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तुला सांगितलं नाही, कारण जावई वाद घालतील. एवढंच कारण होतं.

तुझे दिवे चालू नव्हते. तू जबाबात सांगितलंस ते खोटं आहे, आणि ते तुझ्या तोंडून मी वदवलं आहे. कान्हाला गाडी दिसली नाही, कारण राखाडी गाडी, राखाडी धुकं, आणि तिचे डोळे मी काढून घेतले होते.

दिवा असता तर तो वाचला असता का? महिनाभर मी याच प्रश्नाच्या आड लपलो. वळणावर ओव्हरटेक करणं चूकच. धुकं होतंच. कदाचित दिवा असता तरी तो आलाच असता. पण त्याचा दिवा तुला दिसला म्हणून तू ब्रेक दाबलास, हे तूच लिहिलं आहेस. मी ती ओळ वाचली त्याच क्षणी मला उत्तर कळलं होतं. तरी तुला लिहिलं, जबाब बदलू नकोस. म्हातारपणी माणसाला अक्कल येते म्हणतात. मला भीती आली.

आणि ज्या माणसाचं दूध मी अकरा वर्षं प्यायलो, त्याची आई माझ्यामुळे तुझ्या पायाशी वाकली. तिचा मुलगा गेला तो गेला. वर त्याला आंधळा म्हणून घ्यावं लागतंय. दोन वेळा मी तिच्या घराच्या वाटेला लागलो आणि विहिरीपासून परत आलो.

तू सांगशील तिथे मी येतो. पोलिसांकडेही.

वाल्मिकतात्या

•

खालापूर,
२४ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप तात्या,

मला माहीत होतं.

जानेवारीच्या शेवटी गाडी दुरुस्तीला दिली, तेव्हा गॅरेजवाल्याने मला बोलावून विचारलं, "ताई, ही वायर कुणी कापली?" काळी टेप, आणि टेप सुटू नये म्हणून वरून पांढऱ्या दोऱ्याचे वेढे आणि बारीक गाठ. माझ्या इस्त्रीच्या वायरला तशीच गाठ आहे. शाळेत असताना माझ्या टेबललॅम्पलाही होती. तशी गाठ मारणारा माणूस मला एकच ठाऊक आहे. मी गॅरेजवाल्याला म्हटलं, उंदराने कुरतडली असेल, आणि तो माझ्याकडे बघतच राहिला.

म्हणजे जबाब खोटा आहे हे कळूनही मी तीन आठवडे गप्प बसले. वाटलं, तात्या स्वतःहून लिहितील. तुमच्या पत्राची वाट बघते आहे असं म्हटलं की स्वतः उठावं लागत नाही.

आणि अजून एक आहे. ते तुम्हाला ठाऊक नाही, अक्षयलाही आठवत नाही. डिसेंबरात एकदा तो म्हणाला होता, "तुझे पुढचे दिवे लागत नाहीयेत वाटतं." मी म्हटलं, उन्हात दिसत नसतील, सर्व्हिसिंगला दाखवू. दाखवले नाहीत. त्या दिवशी धुक्यात माझा हात मोठ्या दिव्यांच्या खटक्यापर्यंत गेला होता. मग म्हटलं, कशाला, पुढचे आहेत ना. तात्या, वायर तुम्ही कापलीत. पण खटका माझ्या हाताखाली होता.

तुमचा राग आला होता. अजून आहे. तो जायला वेळ लागेल, पण तुम्ही माझे आहात हे त्याने बदलत नाही.

काल मी पुरवणी जबाब देऊन आले. दिवे बंद होते आणि मोठे दिवे मी लावले नव्हते, असं सांगितलं. वायर कुणी कापली तेही सांगितलं. ते तुम्हालाही बोलावतील. साहेब म्हणाले, मोटारसायकल चुकीच्या बाजूला होती हे राहणारच. बाकीचं पुढे ठरेल ते ठरेल.

पण जनीमावशींना कागद वाचता येत नाही. त्यांना आपणच सांगायला हवं. रविवारी दहा तारखेला येते. तुम्ही तयार राहा. आणि टेप, पक्कड काढून ठेवा. वायर गॅरेजवाल्याला जोडू दिलेली नाही.

नम्रता

•

भिवपुरी,
१३ मार्च २०२४

चि. नम्रतास आशीर्वाद.

काल पोलिसांनी बोलावलं होतं. जाऊन आलो. प्रश्न कागदावर लिहून देत होते, मी उत्तरं सांगत होतो. साहेब तरुण होते. शेवटी लिहिलं, "आजोबा, घाबरू नका." मी म्हटलं, घाबरायचं ते घाबरून झालं.

रविवारचं लिहितो. आंब्याखाली तू टॉर्च धरलास आणि मी वायर जोडून वरून दोऱ्याची गाठ मारली. दिवे लागले तेव्हा ऊन होतं. तरी बांधावरून दिसत होते. मी मुद्दाम बांधापर्यंत जाऊन पाहिलं, तिथून पुढे पायवाटेपर्यंत गेलो. तिथूनही दिसत होते. हे मी नोव्हेंबरात करायला हवं होतं.

जनीकडे मी बोललो ते बरोबर बोललो का, ते मला माहीत नाही. माझा आवाज मला ऐकू येत नाही. मी सगळं सांगितलं एवढं आठवतं. वायर, टेप, आंबा, अपशकुन, सगळं. शेवटी म्हणालो, "जने, त्याला समोर दिसण्यासारखं मीच काही ठेवलं नव्हतं." हर्षला उठून आत गेली. जनीने पदर तोंडाला लावला. पदराआड ती काहीतरी म्हणाली. मला ओठ दिसले नाहीत.

तिने शाप दिला असेल तर तो माझा आहे, मला मिळायला हवा. परत येताना गाडीत तू रडत होतीस म्हणून विचारलं नाही. आता विचारतो. ती काय म्हणाली? जसंच्या तसं लिही. गोड करून लिहू नकोस.

आणि येत जा. सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघायची सवय अजून गेलेली नाही.

वाल्मिकतात्या

•

खालापूर,
१७ मार्च २०२४

तीर्थरूप तात्या,

येत्या रविवारी सकाळी येते. गाडी खिडकीसमोर आणून उभी करीन, तुम्ही भिंतीकडे बघत राहा. दूध मी घेऊन येईन.

जनीमावशींनी शाप दिला नाही. माफही केलं नाही. ते त्यांच्या मनात कधी येईल की नाही, मला सांगता येत नाही. हर्षला आपल्याशी बोललीच नाही, आणि ते तिचं बरोबर आहे.

पदर तोंडाला लावून मावशी एकच वाक्य बोलल्या. तुम्ही म्हणालात म्हणून जसंच्या तसं लिहिते.

"मंजे माज्या पोराला डोळं व्हतं."

मग त्या रडल्या. हर्षला आतून बाहेर आली आणि त्यांच्याजवळ बसली. मला वाटतं, जानेवारीपासून त्या पहिल्यांदाच रडत होत्या.

तुमची,
नम्रता